दिवाणखान्याबाहेर नेलेले नाटक

ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकाचा पहिला अंक संपता संपता लेन हा नोकर आपल्या धन्यासमोर तबकातून काही पत्रे आणतो. अल्जरनॉन मॉनक्रीफ पाकिटांवर नुसती नजर टाकतो आणि ती फाडून टाकतो. ती बिले असावीत, असे वाइल्डने रंगसूचनेत म्हटले आहे. पात्रांच्या तोंडी त्याबद्दल अवाक्षर नाही. माणूस कर्जात आहे, त्याला त्याची फिकीर नाही आणि नोकर हे सारे जाणूनही तबक तितक्याच अदबीने पुढे धरतो, एवढे सगळे त्या एका हालचालीत सांगून होते. ऑलिव्हर पार्कर यांच्या २००२ सालच्या चित्रपटात हाच अल्जरनॉन आरंभी लंडनच्या रस्त्यांतून पळताना दिसतो आणि घेणेकऱ्यांची माणसे त्याच्या मागावर असतात. माहिती तीच आहे, पण तबकात जी गंमत होती ती रस्त्यावर सांडून गेली आहे.

रंगमंचावरचे नाटक पडद्यावर नेताना ते ‘मोकळे’ करावे, चार भिंतींतून बाहेर काढावे, ही चित्रपटवाल्यांची जुनी समजूत आहे. तिच्यामागचे कारण उघड आहे: कॅमेरा कुठेही जाऊ शकतो, मग त्याला एका खोलीत कोंडून का ठेवायचे? यावर नाटकाच्या निष्ठावंतांचे उत्तरही ठरलेले असते, की मूळ संहितेला हात लावू नये. मला हा वादच भलत्या जागी मांडलेला वाटतो. समाजाच्या रीतिभातींवर उभ्या असलेल्या सुखात्मिकेत, जिला आपणही आता कॉमेडी ऑफ मॅनर्स म्हणूनच ओळखतो, संवाद गाळले तरी चालतात आणि स्थळे वाढवली तरी चालतात. पात्रांना ज्या बंधनाने जखडलेले असते ते मात्र सैल पडता कामा नये, कारण त्यांचे चातुर्य, त्यांची खोटी नावे, त्यांचे प्रेम हे सारे त्या बंधनातूनच उगवलेले असते. हा प्रश्न केवळ थोड्या नाट्यवेड्यांच्या आवडीनिवडीचा नाही. अभिजात नाटकाचा चांगला प्रयोग पाहायला मिळणारे लोक मूठभर असतात. बाकीच्यांच्या लेखी चित्रपट हेच नाटक ठरते, आणि संहिता वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही या नाटकातली तरुण सेसिली किंवा करारी लेडी ब्रॅकनेल म्हटले की पडद्यावरचाच चेहरा आठवतो. पटकथाकार जे बदलतो ते अनेकांसाठी कायमचे बदललेले असते, म्हणून त्याने काय बदलले हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे.

आधी हे बंधन किती खरे होते ते पाहावे. नाटकाचा पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात झाला. जॅक वर्दिंगची भूमिका त्या नाट्यगृहाचे चालक जॉर्ज अलेक्झांडर यांनीच केली. चार दिवसांनी मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांनी वाइल्डच्या क्लबात त्याच्यावर समलिंगी संबंधांचा ठपका ठेवणारी ती कुप्रसिद्ध चिठ्ठी ठेवली, वाइल्डने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो त्याच्यावरच उलटला, आणि २५ मे रोजी त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मधल्या काळात नाट्यगृहाच्या जाहिरातींवरून लेखकाचे नाव काढून टाकण्यात आले आणि पुढे नाटकही बंद पडले. १८९९ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले तेव्हाही मुखपृष्ठावर वाइल्डचे नाव छापण्याची सोय नव्हती. नाटकातले दोन्ही नायक गावात एका नावाने आणि शहरात दुसऱ्या नावाने वावरतात, किंवा बनबरी नावाच्या काल्पनिक आजारी मित्राच्या निमित्ताने घरातून निसटतात. ज्याने हे लिहिले त्याचे स्वतःचे दुहेरी आयुष्य उघडे पडले तेव्हा त्या समाजाने त्याचे काय केले, हे पाहिले म्हणजे या नाटकातला शिष्टाचार ही झालरींची सजावट नव्हती, हे ध्यानात येते. नियम मोडणाऱ्याला तिथे खरोखर तुरुंग होता. विनोदाला जी धार आहे ती त्या तुरुंगाच्या सावलीमुळे आहे, जरी नाटकात त्याचे नावही कोणी काढत नाही.

भिंत म्हणताना मी विटांची भिंत म्हणत नाही. दुसरा अंक हर्टफर्डशायरमधल्या एका वाड्याच्या बागेत घडतो. वर आकाश आहे, भोवती गुलाब आहेत. तिथे जॅकची प्रेयसी ग्वेन्डोलेन आणि अल्जरनॉनची प्रेयसी सेसिली एकमेकींना प्रथमच भेटतात. दोन्ही नायकांनी आपापल्या प्रेयसीला आपले नाव अर्नेस्ट सांगितलेले असल्याने दोघींचे लग्न ‘अर्नेस्ट’ नावाच्या एकाच माणसाशी ठरले आहे असे दोघींना वाटू लागते. भांडणाला तोंड फुटणार, इतक्यात मेरिमन हा नोकर चहाचे सामान घेऊन येतो. नोकरांच्या उपस्थितीने दोघींवर आवर बसतो, अशी वाइल्डची सूचना आहे. मग जे होते ते नाटकाच्या कलेचा अर्क आहे. ग्वेन्डोलेन साखर नको म्हणते, तर सेसिली तिच्या कपात साखरेचे चार खडे टाकते. ती लोणी लावलेला पाव मागते, तर सेसिली तिच्या ताटलीत केकचा भला मोठा तुकडा ठेवते. एकीचाही आवाज चढत नाही. मेरिमन तिथून गेला की शब्द पुन्हा उघडे पडतात. या प्रवेशातली भिंत म्हणजे मेरिमन. त्याला बागेतून काढून टाकले तर दोन तरुणी एका पुरुषावरून भांडतात एवढेच उरेल, आणि तसे भांडण कुठल्याही नाटकात मिळते.

पार्कर यांच्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते. त्यांची ग्वेन्डोलेन स्वतः मोटार चालवत गावाकडे जाते, आणि प्रियकराचे नाव आपल्या अंगावर, तेही अशा जागी की जी चारचौघांत दाखवता येणार नाही, गोंदवून घेते. सेसिलीच्या मनातली स्वप्ने चिलखती सरदारांच्या रूपाने पडद्यावर अवतरतात. अल्जरनॉन उष्ण हवेच्या फुग्यातून उतरतो. यांतली प्रत्येक कल्पना सुटी पाहिली तर गमतीची आहे, हे मी मान्य करतो. पण जी मुलगी गोंदवून घ्यायला एकटी जाऊ शकते, तिला आईच्या होकाराची एवढी वाट का पाहावी लागावी? मूळ नाटकात लेडी ब्रॅकनेल मुलीला बजावते, की तुझे लग्न ठरेल तेव्हा ते मी तुला कळवीन, किंवा तुझ्या वडिलांची प्रकृती ठीक असली तर ते कळवतील. हे वाक्य हास्यास्पद आहे आणि त्याच वेळी ते अमलात येणारे आहे. तिसऱ्या अंकातला पेच तर पूर्णपणे अशाच संमतीवर बेतलेला आहे: सेसिली आजोबांच्या मृत्युपत्रानुसार पस्तीस वर्षांची होईपर्यंत पालकाच्या ताब्यात आहे, तिच्या नावे १,३०,००० पौंड आहेत, आणि लेडी ब्रॅकनेल ग्वेन्डोलेनचा हात देईपर्यंत सेसिलीचा हा पालक, म्हणजे जॅक, तिच्या लग्नाला होकार देणार नाही. चौघे तरुण आपापल्या जोडीदाराकडे पाहत ताटकळत राहतात. ही माणसे आज्ञा मोडून पळून जाऊ शकतात असे प्रेक्षकाला एकदा वाटले, की कोंडी ही कोंडी राहत नाही आणि सारा तिसरा अंक वेळकाढूपणा वाटू लागतो.

पार्कर यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे. घेणेकऱ्यांचा प्रसंग त्यांनी मनाने रचलेला नाही. वाइल्डने नाटक चार अंकी लिहिले होते. अलेक्झांडर यांच्या आग्रहाखातर त्याने ते तीन अंकी केले, आणि त्या कात्रीत ग्रिब्सबी नावाचा वकील सापडला. अर्नेस्ट वर्दिंग म्हणून वावरणाऱ्या अल्जरनॉनला हा ग्रिब्सबी हॉटेलच्या थकलेल्या बिलापायी अटक करून होलोवेच्या तुरुंगात न्यायला येतो. चित्रपटाने हा गृहस्थ परत आणला. तेव्हा ज्याला आपण मूळ संहिता म्हणून कवटाळतो तीच मुळी नाट्यगृहाच्या चालकाने कापायला लावलेली होती, असे कोणी म्हटले तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट निष्ठावंतांनी हे नेहमी लक्षात ठेवावे. (नियतीचा खेळ असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये अटक झाल्यावर वाइल्डला ठेवले ते होलोवेतच.) तरीही मला ती कात्री योग्य वाटते. तुरुंग रंगमंचावर आला की अल्जरनॉनच्या बेफिकिरीला कारण मिळते, तो पैशाच्या अडचणीत सापडलेला तरुण होतो, आणि त्याची प्रत्येक कोटी ही संकटातून सुटण्याची धडपड वाटू लागते. तीन अंकी नाटकात त्याच्या आळसाला काहीही कारण नाही. तबकातली बिले फाडली की विषय संपला. कर्ज आहे, त्याची वसुली कधी ना कधी होणार, हे प्रेक्षकाच्या मनात राहते आणि रंगमंचावर फक्त काकडीच्या सँडविचांचा प्रश्न उरतो.

मग याच्या उलट टोकाला जावे काय? अँथनी अस्क्विथ यांचा १९५२ चा चित्रपट त्या टोकाचा आहे. तो नाट्यगृहात सुरू होतो; प्रेक्षक आपापल्या जागी बसतात, पडदा वर जातो, आणि मग आपण खोलीत शिरतो. मायकेल रेडग्रेव्ह, जोन ग्रीनवुड, मार्गारेट रदरफर्ड, आणि या सर्वांवर कडी करणाऱ्या इडिथ इव्हान्स. इव्हान्स यांनी लेडी ब्रॅकनेल १९३९ मध्ये जॉन गिलगुड यांच्याबरोबर रंगमंचावर साकारली होती, आणि जॅक तान्हा असताना एका हँडबॅगेत सापडला हे ऐकून उच्चारलेल्या ‘हँडबॅग’ या एका शब्दावर त्यांनी घेतलेली ती चढती तान त्यानंतरच्या प्रत्येक अभिनेत्रीच्या मानगुटीवर बसलेली आहे. या चित्रपटाला ‘डबाबंद नाटक’ म्हणून नाके मुरडली गेली. त्या टीकेत तथ्य आहे. रंगमंचावर नट वाक्य टाकतो, हशा येतो, तो ओसरेपर्यंत नट थांबतो, आणि पुढचे वाक्य नेमके कुठे उचलायचे हे तो प्रेक्षकांच्या आवाजावरून ठरवतो. चित्रीकरणात हशा नसतो. संकलकाने जागा सोडली आणि हशा आला नाही तर भयाण शांतता पसरते. जागा सोडली नाही आणि हशा आला तर पुढचे वाक्य त्यात बुडते. वाइल्डच्या नाटकात जवळजवळ प्रत्येक दुसरे वाक्य हशाचे असल्याने हा हिशेब कोणालाच पुरता जमत नाही, आणि अस्क्विथ यांनाही तो सर्वत्र जमलेला नाही.

याहून मोठी अडचण कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जातो तो आतले काही शोधायला. पापणी लवली, ओठ थरथरला, की प्रेक्षक समजतो, हे खरे बोलणे आहे. पण ज्या नाटकात ग्वेन्डोलेन सरळ सांगते, की अत्यंत महत्त्वाच्या बाबतीत प्रामाणिकपणापेक्षा शैलीच मोलाची असते, त्या नाटकात आत शोधण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. जे आहे ते सारे वर, शब्दांत, टोपीत आणि बसण्याच्या ढबीत आहे. क्लोज-अपमध्ये नट थोडा जरी हळवा झाला तरी विनोद मरतो. अस्क्विथ यांनी नटांना हळवे होऊ दिले नाही, माणसे एकमेकांपासून शिष्टाचाराने ठरवलेल्या अंतरावर बसवली आणि कॅमेराही त्या अंतराचा मान राखून ठेवला. हा त्यांचा कमकुवतपणा मानला गेला. मी तो त्यांचा संयम मानतो. योगायोगाची गोष्ट अशी, की वाइल्डला शिक्षा झाली त्या वेळी ब्रिटनचे गृहमंत्री होते ते या दिग्दर्शकाचेच वडील, हर्बर्ट अस्क्विथ.

तरी संवादांना चिकटून राहणे हाच एक मार्ग आहे असे म्हणायला मी तयार नाही, आणि त्याचा पुरावा वाइल्डच्याच दुसऱ्या नाटकाने दिला आहे. एर्न्स्ट ल्युबिश यांनी १९२५ मध्ये ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ मूकपटात आणले. वाइल्डचा मूकपट, हे ऐकूनच हसू येते. ज्या लेखकाची सारी कीर्ती वाक्यांवर उभी आहे त्याची वाक्येच काढून टाकायची! ल्युबिश यांनी वाइल्डच्या कोट्या पाट्यांवर छापून दाखवण्याचा मोहही टाळला. त्यांनी काय केले, तर घोड्यांच्या शर्यतीचे मैदान दाखवले, जे नाटकात नाही. बदलौकिकाची मिसेस अर्लिन तिथे येते आणि प्रतिष्ठित मंडळींच्या दुर्बिणी घोड्यांऐवजी तिच्यावर रोखल्या जातात. एक बाई चालते आहे आणि अख्खा समाज तिला तपासतो आहे. उघड्या मैदानात, भर दुपारी, हजारो माणसांत ल्युबिश यांनी दिवाणखान्यापेक्षा जास्त घुसमटवणारी खोली उभी केली. शब्द गेले, स्थळ बदलले, आणि नाटक शाबूत राहिले, कारण नजरेचा पहारा राहिला.

जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलिअन’चेही तसेच. मराठी वाचकाला ही गोष्ट ‘ती फुलराणी’मुळे घरची आहे. हिगिन्स या उच्चारतज्ज्ञाने खानदानी बोलायला शिकवलेल्या फुलवाल्या एलायझाची खरी परीक्षा नाटकात पडद्याआड होते. चौथ्या अंकात ती मंडळी मध्यरात्री घरी परततात तेव्हा आपल्याला निकाल कळतो. अस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांनी मिळून केलेल्या १९३८ च्या चित्रपटात मेजवानीचा तो भव्य प्रसंग आला, आणि तो शॉने स्वतः लिहून दिला. झगमगते जिने, राजघराण्यातली माणसे, आणि त्यांत हिगिन्सचाच एक जुना शिष्य, जो उच्चारांवरून माणसांचे कूळ ओळखण्याचा धंदा करतो आणि एलायझाचे बिंग फोडायला टपलेला असतो. नाटक मोकळे करण्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. चित्रपट दिवाणखान्यातून बाहेर पडला, पण तो थेट अशा जागी गेला जिथे एक स्वर चुकला तरी सर्वनाश आहे.

याच चित्रपटाने शेवट मात्र बिघडवला, आणि इथे लेखक जिवंत असून काही करू शकला नाही. शॉला एलायझा आणि हिगिन्स यांचे मीलन मुळीच मान्य नव्हते. १९१४ च्या लंडनमधल्या प्रयोगात हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी पडदा पडताना एलायझाकडे फुले फेकायला सुरुवात केली तेव्हाच तो संतापला होता. पुढे पुस्तकाला त्याने लांबलचक उपसंहार जोडून एलायझाचे लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लावून दिले. चित्रपटात ती परत येते, आणि हिगिन्स पाठमोरा बसून आपल्या सपाता कुठे आहेत ते विचारतो. त्याच पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळाले. लेखकाच्या संमतीचे प्रत्यक्षात काय होते, याचे हे उदाहरण आहे. त्यामुळे वाइल्डला मरून शतक उलटल्यावर त्याच्या नाटकाचा शेवट कोणी बदलला तर ‘लेखकाचा हक्क’ म्हणून ओरडण्यात मला स्वारस्य नाही. तो बदल काय करतो, एवढेच पाहावे.

नाटकाच्या शेवटी जॅक सैन्याच्या याद्या धुंडाळतो. आपण अल्जरनॉनचाच हरवलेला थोरला भाऊ आहोत हे त्याला नुकतेच कळलेले असते, आणि ग्वेन्डोलेनला तर अर्नेस्ट नावाचाच नवरा हवा असतो. आपल्या बापाचे नाव काय, हे त्याला कळायचे आहे, कारण थोरल्या मुलाला बापाचेच नाव ठेवलेले असणार. म अक्षराची नावे चाळता चाळता तो मॉनक्रीफपाशी येतो, आणि नाव निघते अर्नेस्ट जॉन. दोन्ही नावे! शहरात अर्नेस्ट आणि गावात जॅक असे जे दुहेरी खोटे तो वर्षानुवर्षे बोलत होता ते दोन्ही बाजूंनी खरे निघते, आणि आपण आयुष्यभर सत्याखेरीज काहीच बोललो नाही हे अचानक कळणे किती भयंकर आहे, असे म्हणून तो ग्वेन्डोलेनची क्षमा मागतो. ती क्षमाही करते, कारण तो पुढे बदलेल अशी तिला खात्री आहे. पार्कर यांच्या चित्रपटात यादीत नाव निघते नुसते जॉन. जॅक अर्नेस्ट म्हणून वाचतो. लेडी ब्रॅकनेलच्या नजरेला ते पान पडते आणि ती गप्प राहते. याचे समर्थन करणारे म्हणतात, की यामुळे जॅकने प्रेमासाठी जाणूनबुजून खोटे बोलण्याची निवड केली आणि लेडी ब्रॅकनेलही, जिचे नर्तकीचे पूर्वायुष्य चित्रपटाने आधीच दाखवले आहे, अखेर त्या खोट्यात सामील झाली. युक्ती चतुर आहे. पण तिच्यामुळे जॅक नेहमीच्या प्रेमकथेतला नायक झाला. खोटारड्याच्या हातून नकळत सत्य घडल्याने सत्य आणि खोटे यांतला फरकच हास्यास्पद ठरतो, ही वाइल्डची खोडी होती. खोटारडा शेवटपर्यंत खोटारडाच राहिला तर तो फरक जसाच्या तसा उभा राहतो आणि आपण फक्त त्याला माफ करतो. आणि लेडी ब्रॅकनेलला डोळा मारायला लावले, की ज्या किल्ल्यावर सारे नाटक चालून जात होते त्याचे दार आतूनच उघडे होते असे ठरते. जूडी डेंच यांच्यासारखी अभिनेत्री, जिने १९८२ मध्ये नॅशनल थिएटरात हीच भूमिका केली होती, तिच्या वाट्याला ही शरणागती यावी याचे मला वाईट वाटते.

या चित्रपटातले एक पात्र मात्र मला विसरता येत नाही, ते म्हणजे अॅना मॅसी यांची मिस प्रिझम, सेसिलीची शिक्षिका. तिने कधी काळी तीन खंडांची कादंबरी लिहिली होती. चांगल्यांचा शेवट गोड झाला आणि वाइटांचा वाईट, आणि कादंबरी म्हणतात ती यालाच, असे ती सेसिलीला समजावते. त्याच बाईने विसराळूपणे कादंबरीचे हस्तलिखित बाबागाडीत ठेवले आणि बाळ, म्हणजे जॅक, हँडबॅगेत. सर्वांसमक्ष लेडी ब्रॅकनेल तिला ‘प्रिझम!’ अशी नुसत्या आडनावाने हाक मारते, आणि बाळ कुठे आहे ते विचारते. त्या क्षणी कॅमेऱ्याला कुठेही जाण्याची गरज नाही. खोलीत पुरेशी माणसे उभी आहेत आणि त्यांतल्या एकालाही तिथून निघून जाण्याची मुभा नाही.